कुंपणाबाहेरची हाक

माझ्या सुप्रभाअत्याचं वाक्य मराठीत निघतं आणि तमिळमध्ये पोचतं. कोंबड्यांशी बोलतानाही तसंच. ‘ये गे, रुसू नको गे, वा मा!’ ‘वा मा’ म्हणजे ‘ये बाई’.

तंजावूरबाहेरच्या एका संशोधन केंद्रात ती ज्या कोंबड्या सांभाळते, त्यांच्या जनुकांत बारीकशी काटछाट केली आहे. अ‍ॅलर्जी आणणारा एक पदार्थ त्यांच्या अंड्यात उतरू नये म्हणून. माझी धाकटी बहीण वर्षा अंडं घातलेल्या केकचा तुकडा खाल्ला तरी ओठ सुजवून बसते. त्यामुळे अत्याला त्या कोंबड्या घरच्याच वाटतात.

अंड्यांची चाचणी व्हायची, तर आधी जैवसुरक्षा समितीनं कोंबड्या धडधाकट आहेत असं म्हणायला हवं. नाही म्हटलं, की कळपच संपवायचा.

आणि समिती यायच्या सकाळीच अत्याच्या घरच्या अंगणात कोंबडीच्या पिल्लावर घार झडपली! अत्यानं धावत जाऊन पिल्लू छातीशी धरलं. बाहेरचा रोग आत शिरू नये, म्हणून बाहेरच्या कोंबडीला शिवलेल्यानं काही दिवस आत जायचं नाही, असा केंद्राचा नियम. एरवी अत्या अंगणातल्या कोंबड्यांना लांबूनच दाणे टाकते.

फाटकावर तिनं स्वतःच सांगून टाकलं. केंद्राचे प्रमुख राजगोपाल सर, त्यांचा आवाज म्हणजे डब्यात हलवलेले खडे. ‘आजच, अम्मा? आजच वाचवायचं होतं?’

‘घारीला विचारा, सर.’

पांढरे सूट आणि मास्क घालून समिती आत गेली. कोंबड्या बिथरल्या, कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या. खालच्या गुदमरायच्या बेतात.

‘वागणं विचित्र आहे,’ समितीतल्या शांभवीबाई नाकातून म्हणाल्या. ‘काटछाटीचा परिणाम दिसतो.’

कुंपणाबाहेरून अत्याला जाळीतून सगळं दिसत होतं. ‘अय्यो, ये गे! वा मा, वा! कोण खातंय तुम्हाला? ही पांढरी भुतं जेवून आलीत!’

ढीग सुटला. एकेक कोंबडी मान उंचावत जाळीकडे आली.

शांभवीबाईंनी शेजारच्या खणाकडे पाहिलं. तिथल्या कोंबड्या तुलनेसाठी ठेवलेल्या, काटछाट न केलेल्या. त्याही तशाच कोपऱ्यात चढल्या होत्या, आणि आता हाक ऐकून कोपरा सोडून निघाल्या होत्या.

‘म्हणजे दोन्हीकडच्या आम्हालाच भ्यायल्या,’ त्या म्हणाल्या, आता नाक विसरून. ‘अम्मा, आमचं होईपर्यंत बोलत राहा.’

अत्याला हे सांगावं लागतं? रसम नासल्यापासून शेजारणीच्या जावयापर्यंत सगळं कोंबड्यांना कळलं. समितीलाही.

चाचणीची परवानगी मिळाली.

‘मग मला अंडं कधी?’ वर्षानं विचारलं.

‘दम धर गे. आधी प्रयोगशाळा, मग दवाखाना, मग तू.’

‘आणि अंगणातल्या कोंबड्या?’

‘मी शिवले, की पुन्हा कुंपणाबाहेर. त्या आता तुमच्याकडे,’ अत्या म्हणाली. ‘घार आली, तर तुम्ही धावा.’