गाडी काकूंची होती

ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली ती शरणापूर फाट्याच्या अलीकडच्या गतिरोधकावर. रविवारची सकाळ होती, साडेसात वाजले असतील. गर्द हिरव्या रंगाची, दोन दारांची, जमिनीला टेकेल इतकी बसकी इटालियन गाडी गतिरोधकावरून तिरकी, एकेक चाक जपत उतरत होती. तिचं इंजिन मागे, काचेखाली. तशा गाड्या मी फोनवरच पाहिल्या होत्या. मराठवाड्यात तशी दुसरी असेल असं मला आजही वाटत नाही. मी दुचाकी कडेला घेतली आणि नुसता बघत राहिलो.

मी वाळूजला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. गाड्यांचे सुटे भाग मापात आहेत की नाहीत ते बघायचं, एवढंच माझं काम. वडीलही तिथल्याच दुसऱ्या कारखान्यात होते, आणि बजाजनगरच्या दोन खोल्यांत आम्ही वाढलो. स्वतःची गाडी घेणं जमलं नाही म्हणून असेल, पण दुसऱ्यांच्या गाड्या बघण्याचं वेड चाळिशी उलटली तरी गेलं नाही. माझ्यासारख्या साठ-सत्तर जणांचा फोनवर एक ग्रुप होता. तो मीच सुरू केलेला. कोणी नवीन आलं की कसं वागायचं ते मी त्याला समजावून सांगायचो. गाडीला हात लावायचा नाही, टेकून उभं राहायचं नाही, बॅगेची चेन रंगाला लागते. केवढ्याला पडली हे विचारायचं नाही, आणि ॲव्हरेज किती देते हे तर मुळीच नाही. मालक घाईत असेल, खात-पीत असेल, सोबत घरची माणसं असतील तर लांबूनच बघून निघायचं. आवाज काढून दाखवा म्हणून मागं लागायचं नाही. फोटो काढण्याआधी विचारायचं, आणि गाडी कुठं, कधी येते ते कोणाला सांगायचं नाही. हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. पोरं ऐकायची, आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता.

त्या दिवशी गाडी पुढं एका चहाच्या हॉटेलासमोर लिंबाखाली थांबली. सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ दाराला धरून, कमरेवर हात ठेवत कसेबसे बाहेर आले. चहाचे दोन कप घेऊन गाडीपाशी गेले, एक कप आत दिला आणि दुसरा उभ्याउभ्याच प्यायले. त्यांचा चहा संपेपर्यंत मी थांबलो. मग समोर जाऊन म्हटलं, "नमस्कार काका. तुमची गाडी लांबून बघू का? हात नाही लावणार."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. म्हणाले, "गाडी माझी नाही. हिची आहे. हिला विचारा."

डाव्या काचेआड एक बाई बसल्या होत्या. पांढरे केस, सुती साडी, पट्टा बांधलेला, दोन्ही हातांत कप. मी त्यांना आधीच पाहिलं होतं, पण विचारावं असं मनात आलं नव्हतं. मी वळून त्या बाजूला निघालो तर काका हळूच म्हणाले, "बाजूनं जाऊ नका. समोरून जा, तुम्ही तिला दिसले पाहिजेत. नाहीतर दचकते."

मी समोरून गेलो, दोन पावलं अंतर ठेवून वाकलो. "काकू, गाडी बघू का तुमची?"

बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघ. पण मागं हात लावू नको. लई तापतं तिथं."

पुढचे सात-आठ रविवार मी तिथं जात राहिलो. काकांनी मला हळूहळू सगळं सांगितलं. त्यांचा चितेगावला छोटा कारखाना होता. काकू पिशोरच्या शेतकऱ्याची मुलगी. शाळेत भूगोल शिकवायच्या आणि गाड्यांचं वेड त्यांना. काकांना स्कूटरपलीकडं कशातच रस नव्हता. लग्नानंतर जीप चालवायला काकूच शिकल्या, कारखान्याचा माल घेऊन काकूच जायच्या. साठीनंतर कारखाना विकला तेव्हा काका म्हणाले, आता तुला काय पाहिजे ते सांग. काकूंनी एका जुन्या मासिकातलं पान काढून त्यांच्यापुढं ठेवलं. ते पान त्यांनी वीस वर्षं कपाटात ठेवलेलं होतं. गाडी मुंबईहून, एकानं वापरलेली, अशी मिळाली.

"आली त्याच आठवड्यात पिशोरला घेऊन गेली," काका म्हणाले. "अख्खं गाव गोळा झालं. माझा जीव वरखाली. हिनं म्हाताऱ्यांना, बायांना, ज्याला हवं त्याला शेजारी बसवून वेशीपर्यंत फिरवून आणलं. दुपारचं जेवणसुद्धा राहिलं."

दोन वर्षं त्यांनी गाडी चालवली. मग एकदा छावणीजवळ गाडी थांबवून त्या काकांना म्हणाल्या, "घरी कसं जायचं?" डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला. वर्षभरात गाडी बंद करून ठेवावी लागली. काकू घरात अस्वस्थ व्हायला लागल्या, संध्याकाळ झाली की दार उघडायला धावायच्या. एकदा बॅटरी उतरू नये म्हणून काकांनी पोर्चमध्येच गाडी सुरू केली, तर काकू आतून आल्या आणि शांतपणे डाव्या बाजूला जाऊन बसल्या. मग काका साठी उलटून गेल्यावर ती गाडी चालवायला शिकले. चाळीसच्या वर कधी नेली नाही. दर रविवारी दौलताबादच्या रस्त्यानं, वाटेत चहा, आणि परत. काकूंना वाटायचं आपण माहेरी चाललोय. रस्ता तोच होता, फक्त गाडी दौलताबादहून वळायची.

मी दर वेळी काकूंना नव्यानं विचारायचो, कारण त्यांच्यासाठी मी दर वेळी नवा असायचो. एकदा त्यांनी विचारलं, "कुठला रे तू?"

"आईचं गाव पिशोर आहे काकू."

त्यांचा चेहरा खुलला. "मग चल की आमच्यासंगं. तिकडंच चाललो आम्ही." मग आत वळून पाहिलं आणि त्यांना हसू आलं. "पण बसतो कुठं? दोघांचीच गाडी ही."

काकाही हसले. मला वाटतं, ते मला आपल्यातला मानायला लागले होते.

त्याच सकाळी निघताना गाडी वळली. कोवळं ऊन तिच्या पाठीवरून घसरत गेलं, काच खाली होती, आणि काकू बाहेर बघत हसत होत्या. मी खिशातून फोन काढला आणि फोटो घेतला. विचारलं नाही. दुपारी तो चार-पाच वेळा पाहिला आणि मग ग्रुपवर टाकला. फोटोतल्या नंबरवर रंग फासला होता. खाली लिहिलं, "ही आपल्या शहरात आहे. मालक देवमाणूस." लिंबाचं झाड, हॉटेलची पाटी, मागचा फाटा, सगळं फोटोत होतं. ते माझ्या लक्षात आलं नाही असं मी म्हणू शकलो असतो. पण एकानं लगेच विचारलं, "शरणापूर फाटा ना दादा?" आणि मी होकाराचा अंगठा टाकला. तोपर्यंत फोटो आणखी कुठं कुठं गेला होता, कोण जाणे.

पुढच्या रविवारी मला निघायला उशीर झाला. फाट्याजवळ आलो तेव्हा हॉटेलासमोर वीस-पंचवीस दुचाक्या दिसल्या. लिंबाखाली लोकांचा घोळका होता, गाडी दिसतच नव्हती. सगळ्यांचे हात वर, हातात फोन. ग्रुपमधले चार-पाच चेहरे ओळखीचे, बाकीचे मला माहीतही नव्हते. काका एका बाजूला अडकले होते, हातात दोन कप. ते म्हणत होते, "जरा बाजूला व्हा, ती घाबरते." कोणीतरी म्हणालं, "काका, एक बार आवाज तो सुनाओ ना. इतनी दूर से आए." एक जण डाव्या काचेला टेकून स्वतःचा फोटो काढत होता. दुसऱ्यानं काचेवर बोटानं टकटक केलं, आतल्या बाईंनी वर बघावं म्हणून.

मी ओरडलो, पण माझा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. दार उघडलं. काकू बाहेर आल्या, कशा आल्या ठाऊक नाही, त्या गाडीतून मलाही पटकन उठता आलं नसतं. टेकलेला माणूस मागं सरकला. काकूंनी दोन पावलं टाकली, खडीवरून पाय सरकला आणि त्या कुशीवर पडल्या.

काकांच्या हातातले कप पडले. काकू कण्हत नव्हत्या. त्या फक्त विचारत होत्या, "आपली माणसं कुठं गेली?" काका खाली बसले आणि म्हणाले, "मी आहे. इथंच आहे." गर्दी पाच मिनिटांत पांगली. हॉटेलवाल्यानं आणि मी मिळून त्यांना रस्त्यावर थांबवलेल्या एका गाडीत आडवं केलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. काका बाहेरच्या बाकावर बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं, "काका, तो फोटो मी काढला होता. मीच टाकला."

"कधी काढलास?"

"त्याच्या आधीच्या रविवारी. तुम्ही निघताना."

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "बघायला दर वेळी विचारायचास," ते म्हणाले. "फोटोला का नाही विचारलंस?"

खोटं सुचत होतं, पण मी खरं तेच बोललो. "तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं."

त्यांनी मान हलवली. "व्हय. नाहीच म्हणालो असतो."

"काकूंना भेटू का?"

"आज नको."

मी निघालो. पायऱ्या उतरताना जाणवलं, त्यांनी मला "परत ये" असंही म्हटलं नव्हतं आणि "येऊ नको" असंही नाही.

घरी येऊन मी ग्रुपवर सगळं लिहिलं, माझी चूक धरून. काहींनी माफी मागितली. एकानं लिहिलं, "आजारी माणसाला गर्दीत आणायचंच कशाला?" त्याला सांगावंसं वाटलं की तिथं गर्दी नव्हतीच, ती आपण नेली. पण ते मी आधी स्वतःला सांगायला हवं होतं. दोन दिवसांनी मी ग्रुप बंद केला.

काकू घरी आल्या त्या पलंगावरच राहिल्या. पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत. छातीत कफ झाला आणि संक्रांतीच्या आधी त्या गेल्या. मला हे हॉटेलवाल्याकडून कळलं, आणि तेही आठवडाभरानं. भेटायला जायचं धाडस मला झालं नाही. दोनदा त्यांच्या कॉलनीपर्यंत गेलो आणि मागं वळलो.

उन्हाळा लागता लागता काकांचा फोन आला. आवाज थकलेला होता. "गाडी जाणार आहे. पुण्याच्या एकानं घेतली. उद्या ट्रक येतोय तिला न्यायला. गाडी लई खाली आहे, चढवताना पोट घासेल. तुला अशा गोष्टी कळतात. येशील का?"

मी कारखान्यात दुपारची पाळी मागून घेतली आणि दोन लांब फळ्या घेऊन गेलो. पोर्चमध्ये गाडी पुसून ठेवलेली होती. मी उताराला फळ्या लावल्या, ट्रकवाल्याला चढ किती ठेवायचा ते सांगितलं, आणि काकांनी स्वतः गाडी वर चढवली. पहिल्यांदा चाक फळीवरून सरकलं. दुसऱ्यांदा त्यांनी अगदी सावकाश घेतलं, आणि कुठंही न घासता गाडी वर गेली. इंजिन बंद केल्यावर ते बराच वेळ आतच बसून राहिले. त्यांनी डाव्या सीटचा पट्टा लावला, आणि मग उतरले.

तोवर शेजारपाजारची माणसं जमली होती. दोघातिघांनी फोन वर केले. मी त्यांच्याकडं निघालो तर काकांनी माझा दंड धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "काढू दे त्यांना. आता कोणी घाबरणार नाही."

ट्रक वळणावरून दिसेनासा झाल्यावर माणसं घरात गेली. मी फळ्या उचलून दुचाकीला बांधायला लागलो. काका पायरीवर बसले होते. "चहा टाकतो," ते म्हणाले. "मला अजून दोन कप टाकायचीच सवय आहे."

मी म्हटलं, "दुपारची पाळी गाठायची आहे काका. परत येईन." पाळीला अजून दीड तास होता. त्यांच्यासमोर बसून, काकूंच्या वाटणीचा तो कप हातात घेणं मला झेपणार नव्हतं, एवढंच.

पुढच्या महिन्यात मी गेलो तेव्हा फाटकाला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, मुलगी येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली, घर विकायला काढलंय. फोन लावला तर लागला नाही. नंतरही दोन-तीनदा लावून पाहिला.