दरवर्षी लांब जाणारं टोरांटो

भोपाळच्या आमच्या अवधपुरी कॉलनीत शेजारच्या नानांच्या घरापासून टोरांटो दरवर्षी थोडं थोडं लांब जायचं. मुलगा श्रीकांत तिकडे नोकरीला गेला तेव्हा ते एका दिवसावर होतं. पहिल्या दिवाळीला तो आला नाही, तेव्हा नानांनी नानींना सांगितलं, प्रवासच दोन दिवसांचा, पोरगं तरी काय करणार? पुढे त्याचं येणं टळतच गेलं, आणि टोरांटो चार दिवसांवर जाऊन बसलं. दूधवाला विचारायचा, भैया कब आ रहे हैं? नानांचं उत्तर ठरलेलं, "लंबा सफर है, भाई."

हा माणूस कारखान्यातला फोरमन. बोल्टाच्या आट्यात केसभर फरक झाला तर दिवसभर फणफणणारा. आणि घरी हे असं! नानी कधी विमानात बसल्या नव्हत्या, त्यांचा सगळा प्रवास नागपूरच्या गाडीचा. त्यांना काळजी एकच, चार दिवस दशम्या टिकतील का?

मी तोंडाची फटकळ. माझी भाची तिथूनच येते, आज निघाली की उद्या भोपाळला. एकदा नानींसमोर मी तसं म्हणणार, तोच नाना मला फाटकापर्यंत सोडायच्या निमित्ताने बाहेर घेऊन आले.

"वहिनी, मला ठाऊक आहे हो. पण ती अंतरावर चिडते, पोरावर नाही. राहू द्या."

तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं. आता आठवलं की जीव तुटतो.

गेल्या थंडीत नानींच्या हृदयाने त्रास दिला. दवाखान्यातून घरी आणलं, पण अंगात त्राण नव्हतं. श्रीकांतचा फोन आला, मी तिथेच होते. येतो म्हणाला. नानींनी नानांच्या हातातून फोन घेतला.

"नको रे राजा. येताना चार दिवस, जाताना चार दिवस, किती दमशील? मी बरी झाले की ये."

आई आजारपणात बरळतेय असं त्याला वाटलं असणार. बरं, म्हणाला. नानांनी फोन परत घेतला आणि ठेवून दिला. नानींना खरं अंतर सांगायचं, तर मग पोरगा इतकी वर्षं का आला नाही, तेही सांगावं लागलं असतं. त्यांना वाटलं, नानी सावरतील, मग बघू.

नानी सावरल्या नाहीत. दोनच दिवसांत, सकाळी चहा घेता घेता गेल्या.

श्रीकांत येईपर्यंत त्यांना बर्फावर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटकाशी टॅक्सी थांबली आणि तो बॅग तिथेच टाकून आत धावला. नाना नानींच्या उशाशी बसले होते. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. नानींच्या कानाशी वाकून म्हणाले,

"अगं, आला बघ. काल निघाला, आज आला. एवढंच लांब होतं गं."