एक थेंब अ‍ॅसिड

"इसको मशीन को हाथ मत लगाने देना. नल के पास ही ठीक है ये."

सरांनी हे सगळ्या लॅबसमोर म्हटलं. आठ पोरंपोरी. कुणी हसलं, कुणी मोबाइलमध्ये डोकं घातलं. मी रिकामी नळी धरून उभी.

सर लॅबमध्ये सगळ्यांशी हिंदीत बोलायचे, माझ्याशी तेवढं मराठीत. दोघंही रायपूरचे मराठी. ते तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी वस्तीतले, मी रेल्वे क्वार्टरमधली. पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं. मग, "म्हणजे जयभीमवाले का?" तेव्हापासून लॅबची काचेची भांडी मी धुते. पीएचडी करणारी मुलगी. तीन वर्षं.

काम असं होतं. एका प्रथिनाचे चार भाग एकमेकांना धरून राहतात, पण पकड फार कच्ची. चौघं एकत्र असतानाच मास स्पेक्ट्रोमीटरवर त्यांचं वजन करायचं. नमुन्यातलं मीठ काढायचं, द्रावण सौम्य ठेवायचं, मशीनचा व्होल्टेज कमी. जरा जोर झाला की चौघं चार दिशांना. आठ दिवस खपून मी नमुना तयार केला. चौकडी दिसली तर विषय माझा, नाहीतर दुसऱ्याला देईन, असं सरांनी बजावलं होतं.

त्या दिवशी नमुना त्यांनी स्वतः मशीनला लावला. लावताना सवयीनं फॉर्मिक अ‍ॅसिडचा थेंब टाकला. बाकीच्या नमुन्यांत टाकतात, सिग्नल चांगला येतो. या कामात मात्र ते विष. मी पाहिलं आणि गप्प बसले. सरांना कसं सांगायचं? ही भीती माझ्या हाडात कुणी घातली ते मला ठाऊक आहे. तरी त्या गप्प बसण्याची लाज वाटते.

पडद्यावर सुटे भाग आले. चौकडीचा पत्ता नाही.

"तुमच्या लोकांच्या हातून नाजूक काम होतच नाही," सर मराठीत म्हणाले. मग ते नळाचं वाक्य, हिंदीत, सगळ्यांना कळावं म्हणून. मग मशीनचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"लिही. नमुना माझ्या हलगर्जीनं खराब झाला. सही कर."

"पोट्टे, ऐकून घे. डिग्री घे अन् निघ," आई रोज म्हणायची. मी ऐकूनच घेत आले होते. पण आपल्याच अक्षरात आपल्याविरुद्ध खोटं लिहायचं? माझं डोकं भणाणलं. पेन उचललं आणि लिहिलं: "फॉर्मिक अ‍ॅसिड सरांनी टाकलं. त्यामुळे प्रथिनाचे भाग सुटले. मी पाहिलं." खाली सही केली.

सरांनी वाचलं. "पान फाड."

"पानांवर नंबर आहेत सर. नाही फाडत."

"काहून इतका माज आला तुले?"

शेजारी उभ्या सीनियर दीदीनंही तो थेंब पाहिला होता. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "मैंने ध्यान नहीं दिया."

आठवडाभरात विषय दुसऱ्याला गेला. भांडी धुणं मी सही केली त्याच दिवशी सोडलं. तरी त्याच प्रथिनाचा नवा नमुना तयार केलाय. सोमवारी मशीनवर मी बसणार, नमुना मीच लावणार, सगळ्यांदेखत. त्या खुर्चीवरून मी आपणहून उठणार नाही. उठवायचंच असेल तर ओढून काढा.