चारच्या चहाआधीची गोळी

मेंदूत जनुक सोडण्याच्या चाचणीत माझं नाव लागायची वेळ आली होती, आणि ते घालवायला बाहेरचं कोणी आलं नाही. मीच घालवत होते, तेही कपभर चहापायी.

मी शाळेत गणित शिकवायचे. फळ्यावरचं वर्तुळ अंड्यासारखं यायला लागलं तेव्हा पोरं हसली, मीही हसले. पुढे कळलं, पार्किन्सन. नवरा त्याआधीच गेला होता, मूलबाळ नाही. मग लालबागची आमची चाळ पाडली आणि त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये मला एकविसावा मजला मिळाला. हवा छान, उजेड छान, माणूस औषधालाही नाही. चाळीत दुपारी दार लावलं तर लोक विचारायचे, "बरं नाही का?" इथे उघडं राहिलं तर वॉचमन इंटरकॉमवरून विचारतो.

परळच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी चाचणी समजावून सांगितली. कवटीला बारीक भोक पाडायचं आणि निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून एक जनुक मेंदूत नेमक्या जागी सोडायचं. मग तिथल्या पेशींनीच कमी पडणारं रसायन बनवावं, ही आशा. खात्री असती तर चाचणी कशाला केली असती? काही जणांच्या डोक्याला नुसतीच खूण करून, आत काहीच न सोडता टाके घालणार होते, आणि कोणाला काय मिळालं ते बरेच महिने सांगणार नव्हते.

"म्हणजे डोकं फोडून घ्यायचं आणि वर प्रसाद मिळेलच असं नाही," मी म्हटलं. बाई हसल्या नाहीत. मला मात्र ती चाचणी हवी होती. इतकी हवी होती की माझी मलाच लाज वाटली.

अटी दोन. दर अर्ध्या तासाला वहीत लिहायचं: गोळीचा असर असेल तर 'चालू', उतरला असेल तर 'बंद'. आणि आपल्याला रोज बघणारं एक माणूस हवं, त्या वहीला दुजोरा देणारं. माझ्याकडे माणूस एकच होतं. चाळीत भिंतीला भिंत लावून राहिलेल्या वहिनी. आता त्या सातव्या मजल्यावर, सुना-नातवंडांच्या रगाड्यात असतात. तरी रोज चारला वर येतात, चहा पितात, साडेचारला जातात. माझ्या दिवसात माणसाचा आवाज तेवढाच.

हॉस्पिटलात आधी मला विचारलं, मग माझ्यासमोरच वहिनींना. माझी वही 'बंद'नी भरलेली. वहिनींनी पदर सावरून छातीठोक सांगितलं, "नाही हो, बरीच असते ती. आपल्या हातानं चहा गाळून देते मला. हात जरा थरथरतो, पण वय झालं की आता."

त्या खोटं बोलत नव्हत्या. माझी दुपारची गोळी एकची. टॉवरमध्ये आल्यापासून मी ती सव्वातीनपर्यंत लांबवत होते, म्हणजे बरोबर चारला हातपाय चालतात. तोवर खुर्चीत ओंडक्यासारखी बसून घड्याळ बघायचं. आल्यागेल्याला चहा दिल्याशिवाय सोडायचं नाही आणि बशीत सांडलेला द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. पण खरं कारण रीत नव्हे. मला तशी बघितली तर वहिनी उद्या येणार नाहीत, ही भीती. किंवा दया म्हणून येतील. ते तर त्याहून नको होतं.

वहिनी बाहेर गेल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी इथे बघते ती एखादी सकाळ. औषध लागू पडलं की नाही, ते घरच्या वहीवरूनच कळणार. तुमच्या वहीला साक्षीदारच नाही. गोळ्या वेळेवर घ्या आणि दोन आठवड्यांनी दोघी पुन्हा या. तेव्हाही जुळलं नाही, तर मला तुम्हाला घेता येणार नाही."

टॅक्सीत वहिनी खुशीत, आपल्या मालवणीवर आल्या होत्या. "मी तुझा सगळा चांगलाच सांगलंय हां," त्या म्हणाल्या. परक्यापुढे आपल्या माणसाचं उणं काढायचं नाही, ही त्यांची शिकवण.

दुसऱ्या दिवशी गोळी एकलाच घेतली. चारपर्यंत असर साफ उतरला. बेल वाजली. खुर्चीपासून दार नऊ पावलांवर. सहा पडली आणि पाय फरशीला चिकटले. बेल पुन्हा वाजली. "आले," म्हटलं, पण अशा वेळी आवाजही बसतो, तो माझ्याच ओठांपर्यंत पोचला. चाळ असती तर वहिनी दार ढकलून आत आल्या असत्या. बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला, दरवाजा सरकला, मिटला. गेल्या, असं वाटलं आणि मला रडू फुटलं. डोळे पुसायलाही हात वर जाईना.

तेवढ्यात दाराच्या खालच्या बाजूने आवाज आला. "आत आसस मा?"

मी कशीबशी भिंतीवर थाप मारली.

"मगे दमान ये गो. मी हंयसरच बसलंय."

उरलेली तीन पावलं कधी पडली कोण जाणे. दार उघडलं तर वहिनी पॅसेजमध्ये फरशीवर पाय पसरून बसलेल्या. भिंत धरून उठल्या, माझ्याकडे बघितलं आणि पदराने माझी हनुवटी पुसली.

"ह्या कधीपासून गो?"

"रोजचंच आहे," मी म्हटलं. "तुम्ही यायच्या आधी. आणि गेल्यावर."

त्या दिवशी चहा त्यांनी केला. मग वही मागून घेतली आणि माझ्या मुंगीएवढ्या अक्षरांखाली, चारच्या चौकटीत मोठ्या अक्षरात लिहिलं: बंद.

चाचणीत मला घेतात की नाही, ते अजून कळलेलं नाही. वही हॉस्पिटलात जमा आहे. त्या पहिल्या दिवशी साडेचारचा 'बंद'ही वहिनींनीच लिहिला, आणि मी सवयीने म्हटलं, "निघा आता, घरी वाट बघत असतील."

त्यांनी पेन काही खाली ठेवलं नाही. "मगे पाचाचा कोण लिवतला?"