समुद्रातून उगवलेला चंद्र

दिवाळीनंतरची संकष्टी. हजर: आई, आमचे हे आणि मी, ग्रीसमधल्या एका घरगुती हॉटेलात. मालकीणबाईंनी पहाटे उठून भाजलेला पाव आणि स्वतः केलेला संत्र्याचा मुरंबा आईपुढे ठेवला. आईने हात जोडून ताट सरकवलं, तसा त्यांचा चेहरा उतरला. “आई, इथे कुठली संकष्टी?” हे म्हणाले. “चंद्र तोच आहे ना?” म्हणत आईने आभाळाकडे बोट दाखवून, चंद्र वर आला की खाईन, अशी बाईंना खूण केली. रात्री चंद्र समुद्रातून वर आला, तेव्हा त्या तेच ताट झाकून गच्चीत घेऊन आल्या. आईने सगळं संपवलं. निघताना मुरंब्याची बरणी मिळाली. इथे सुरतेत ती कितीदा धुतली, तरी झाकण काढलं की संत्र्याचा वास येतो. “आलेली बरणी रिकामी परत पाठवायची नसते,” आई दर संकष्टीला बजावते. काय भरायचं, ते अजून ठरायचंय.