मधल्या भिंतीतली चौकट

इंजिनेरचा नकाशा हातात दिला की आमचे मिस्त्री त्याची घडी घालायचे अन् बुडाखाली घेऊन बसायचे. "कागदाला काय कळतंय?" म्हनायचे. तुमीबी बघितलं आसंल असं मानूस, कानावर पेन्सिल, अन् लिहिता येत नाय.

गारखेड्यात दोघा भावांचं घर बांधायचं व्हतं. मोठे भाऊजी मोबाईलवर घरं बघू बघू लई मॉडर्न झालते. दोन गेट, दोन जिने, मधी सलग भिंत.

"शेजारी ऱ्हायचं पन तोंड नाय बघायचं," मिस्त्री हसले. "भारी डिझाइन."

मला हसू येईना. माझं लेकरू आठ महिन्याचं, ताप चढला की आकडी यायची, डोळे पांढरे करायचं, त्याचे पप्पा कंपनीत, मी एकटी, अन् मधी ती भिंत. पन धाकल्या सुनंला कोन इचारतंय?

मिस्त्रीनं इचारलं. चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर घर आखलं अन् म्हनले, "पोरी, समज लेकराला आकडी आली. जावंला बोलीव."

मी लेकरू घेऊन माझ्या दारातून निघाले, गेटातून रस्त्यावर, तिच्या गेटातून आत, अन् तिथंच रडाया लागले.

जाऊबाई म्हनल्या, "अगं येडे, फक्कीच हाय, वलांड की!"

"आज फक्की हाय," मिस्त्री म्हनले.

चौकटी बसवायच्या दिवशी दोनाच्या तीन आल्या. तिसरी मधल्या भिंतीत हुबी. भाऊजी यायच्या आत मिस्त्रीनं आमा दोघींकडून तिला हळदकुंकू वाहून घेतलं, नारळबी फोडला.

भाऊजी आले, लालेलाल. "काढा ती!"

"काढू की. पुजलेली हाय, पयला घन तेवढा तुमी मारा, मालक."

भाऊजीनं घन बघितला, कुंकू बघितलं, अन् सगळ्यांला चहा सांगितला. आता पाव्हणे आले की म्हनत्यात, आयडिया माझीच.

परवा दुपारी आकडी आली. मी नुसती वरडले, तवर जाऊबाई पिठाच्या हातानं आत, लेकरू कुशीवर वळवलं, रिक्षा बोलावली. दवाखान्यातून आलो तवा ते हसत व्हतं.

मिस्त्रीला सांगावं म्हनून फोन लावला. त्यांच्या सुनंनं उचलला. मामंजी दिवाळीतच गेले, म्हनली.

उंबऱ्यावर बसू नये म्हनत्यात. त्या सांजंला आमी दोघी जावा मधल्या चौकटीच्या उंबऱ्यावरच बसलो, एक इकडं तोंड करून, एक तिकडं, अन् कुनीच उठा म्हनलं नाय.