गोड्या पाण्याचा समुद्र

नातीनं फरशीवर खेळाचा नकाशा पसरलाय. समुद्रकाठच्या गावातली माणसं एकेक करून नाहीशी होतात, ती कुठं जातात ते शोधायचं. "आजी, तू फौजदार हो," ती म्हणाली आणि मला बहात्तरच्या दुष्काळातला येडशीचा रस्ता दिसला.

तिथं खडी फोडता फोडता मी आणि माझी मैत्रीण रशीदा असलाच खेळ रचायचो. समुद्र दोघींनीही पाहिला नव्हता. आमच्या खेळातल्या बाया घागरी घेऊन समुद्रावर जायच्या आणि तिथल्या भुतामुळं परत यायच्याच नाहीत.

"तिथं भूत हाय म्हणल्यावर जातील कशाला गं?" मी विचारलं.

रशीदाची हातोडी थांबली. "येडी का काय तू? प्यायचं पाणी हाय तिथं. जाणारच की."

पुढच्या आठवड्यात तिचं बिऱ्हाड मुंबईला गेलं. "समुद्र बघून कळवते," म्हणाली होती. पत्र कधीच आलं नाही.

कितीतरी वर्षांनी मी समुद्रावर गेले, घोट घेतला आणि थुंकले. एवढं पाणी, आणि घोटभर कामाचं नाही! रशीदानंही तिथं पोचल्या पोचल्या आधी ओंजळच भरली असेल.